कार्डावरची बहीण

माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलत नाही, असं शहाणी माणसं म्हणतात. या शहाण्यांनी नेपाळमधल्या झाप्यातल्या निर्वासितांच्या छावणीचं रेशनकार्ड कधी हातात धरलेलं नसतं. तुलसाच्या घरच्या कार्डावर चार नावं होती. देवीचरण घिमिरे, त्याची बायको पवित्रा, थोरली मुलगी तुलसा आणि धाकटी मुलगी बिनिता. त्यातली धाकटी मुलगी ही थोरल्या मुलीच्या पोटची होती. एवढी एक गोष्ट सोडली तर कार्ड अगदी खरं होतं.

त्यात कुणाला फार मोठं पाप केल्यासारखंही वाटलं नव्हतं. छावणीत निम्म्या लोकांचे वाढदिवस एक जानेवारीला येत, कारण लिहून घेणाऱ्या बाबूला दुसरी तारीख सुचत नसे. भूतानमधून हाकलल्यापासून माणसं बांबूच्या झोपडीत राहायची, पण जगायची कार्डात. तुलसा बाहुणाची, म्हणजे बामणाची पोर, आणि तिनं जीव लावला तो खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या कुमार राईवर. दोघांनी छावणीबाहेरच्या देवळात लग्न केलं. जातीच्या लाजेनं बानं ते कार्डावर लावलं नाही, आणि कार्डावर न लागलेलं लग्न हे छावणीत लग्नच नव्हतं. कुमार सिक्कीमला बोगद्याच्या कामावर गेला आणि तिथं उंचावरून पडून मेला. बिनिता तेव्हा सहा महिन्यांची होती.

त्याच सुमारास अमेरिकेला नेणारी माणसं छावणीत मुलाखती घ्यायला लागली. ज्याच्या कार्डात गडबड त्याची फाइल बाजूला पडे, आणि बाजूला पडलेली फाइल म्हणजे आडात पडलेली घागर. बानं डोकं चालवलं. आमा, म्हणजे तुलसाची आई, जेमतेम चाळिशीची, तिला शेंडेफळ झालं म्हटलं तर कोण हसणार आहे? "तिकडे गेल्यावर बघू," बा म्हणाला. "तिकडे कायद्याचं राज्य आहे. सगळं दुरुस्त करता येतं." तुलसानं मान डोलावली. ती एकोणीस वर्षांची होती, आणि एकोणिसाव्या वर्षी 'नंतर बघू' हे वचन वाटतं.

अमेरिकेतल्या एरी गावाला ते भर जानेवारीत उतरले. तळ्यावरून येणारा वारा असा, की कान आहेत का गेले ते चाचपून बघावं. तुलसाला सगळं लवकर जमलं. बस कुठल्या बाजूनं पकडायची, भिंतीतली ऊब किती वाढवायची, शेजारीण 'कशी आहेस' म्हणाली की खरं उत्तर द्यायचं नसतं, हे सगळं. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या धुलाईखान्यात तिला काम लागलं, आणि तिथल्या बायकांबरोबर घड्या घालता घालता इंग्रजीही तोंडात बसलं. जमलं नाही ते एकच. चार वर्षांची बिनिता तिला 'आमा' म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात, निर्वासितांना वसवणाऱ्या संस्थेची बाई घर बघायला आली. पोर धावत येऊन तुलसाच्या मांडीत शिरली आणि "आमा, भूक लागली" म्हणाली. बाईबरोबरचा दुभाषा आपल्यातलाच होता, त्यानं हसून वेळ मारून नेली. पण बाई गेल्यावर बा दाराला कडी लावून खुर्चीत बसला.

"एकदा निभावलं," तो म्हणाला. "शाळेत हिनं असंच तोंड उघडलं तर? कागदावर एक आणि पोरीच्या तोंडी एक. खोटे म्हणून परत पाठवतील आपल्याला."

"परत कुठं पाठवतील?" आमा म्हणाली. "भूतान घेत नाही, नेपाळला आपण नकोत. पाठवायला जागा तर पाहिजे."

"म्हणूनच म्हणतोय. तुम्हा तिघींना ठेवतील, अन् सही माझी आहे म्हणून मला नेतील. कुठल्या तरी कोठडीत मरेन मी."

माणूस कपटी नव्हता, भ्यालेला होता. भ्यालेला माणूस कपटी माणसाइतकंच नुकसान करतो, हे तुलसाला कळायला तीन वर्षं लागली.

तालीम सुरू झाली. संध्याकाळचा डाळभात झाला की बा पोरीला समोर बसवी. "तुझी आमा कोण?" पोर तुलसाकडे बोट दाखवी. "चुकलं. असं म्हटलंस तर विमान येईल आणि बाला घेऊन जाईल." पोर रडे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुलसाकडेच बोट. बाच्यानं हे काम होईना, म्हणून तुलसानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. 'आमा' अशी हाक आली की तिनं ओ द्यायची नाही, 'दिदी' आली की लगेच वळायचं. एकदा पोर न्हाणीघरात घसरून पडली आणि आतून आमा, आमा म्हणून ओरडत राहिली. तुलसा दाराबाहेर उभी होती. आतून 'दिदी' ऐकू येईपर्यंत ती उभी राहिली, मग आत गेली. बरोबर उत्तराला अस्वलाच्या आकाराची रबरासारखी गोड गोळी मिळे. तीन महिन्यांत पोर एकदाही चुकेनाशी झाली, तरी पाठ पक्का राहावा म्हणून बा अधूनमधून अवचित विचारी. जेवताना, बसमध्ये, कुठंही. पोर हसत उत्तर देई आणि अस्वलासाठी हात पुढे करी.

शाळेच्या कागदांवर आई म्हणून पवित्रा घिमिरे लागलं. आमाला इंग्रजी येत नाही, म्हणून शाळेच्या बैठकांना तुलसा जाई. बिनिताच्या बाई म्हणाल्या, "अशी बहीण मिळायला नशीब लागतं." तुलसा 'थँक यू' म्हणाली. या देशात थँक यू सगळ्यावर चालतं, जखमेवरसुद्धा.

बिनिता सात वर्षांची झाली त्या फेब्रुवारीत शाळेच्या जेवणाच्या रांगेत उभी असताना पडली. हातपाय झाडले, डोळे पांढरे केले. शाळेनं इस्पितळात नेलं आणि घरी फोन केला. तिघं पोचले तेव्हा पोर झोपली होती, ओठ चावल्यामुळे सुजला होता. ती निजली होती ती चादर बहुधा तुलसाच्याच धुलाईखान्यातून आलेली होती. काठाला तसाच निळा दोरा होता.

डॉक्टरबाईंनी प्रश्न विचारायला फोनवरचा दुभाषा लावला. काठमांडूकडचा कुणी पुरुष होता. "बाळंतपण किती वेळ चाललं?" असं परक्या बाप्याच्या आवाजात ऐकल्याबरोबर आमानं शालीत तोंड खुपसलं, ते बाहेर काढेना. डॉक्टरबाई फोन बंद करून तुलसाकडे वळल्या. "तू बहीण ना? तू विचारशील तुझ्या आईला?"

"आमा," तुलसा म्हणाली, "बाळंतपण किती वेळ चाललं, विचारतायत."

"मला काय विचारतेस? तुझं तुला ठाऊक."

"काहीतरी बोल गं. नुसतं तोंड हलव. त्या बघतायत."

"काय बोलू? भात उघडाच राहिलाय घरी. शेगडी बंद केली का नाही तेही आठवत नाही."

तुलसा डॉक्टरबाईंकडे वळली. "आई म्हणते, दोन दिवस आणि एक रात्र. बिनिता पायाळू होती. जन्मल्यावर रडली नाही. सुईणीनं गार पाणी मारलं, पाठीवर चापट्या मारल्या, तेव्हा कुठं रडली."

"किती वेळानं?"

"आमा, किती वेळानं?"

"तू सांग बाई. मी तेव्हा नळाच्या रांगेत होते."

"आई म्हणते, तिला नीट सांगता येणार नाही. खूप वेळ गेला. तिला वाटलं, पोर गेली. ती सुईणीला म्हणत होती, मला दे, मेलेली असली तरी मला दे."

हे सांगताना तिनं नकळत दोन्ही हात पुढे पसरले. डॉक्टरबाईंनी लिहायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं, मग आमाकडे. आमा शालीच्या टोकाशी चाळा करत होती.

"घरात आणखी कुणाला असे झटके येतात?"

हा प्रश्न तुलसानं सांगितला तेव्हा मात्र आमा शालीतून बाहेर आली. "सांग त्यांना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कुमारला यायचे ते सांग. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तुलसा," कोपऱ्यातल्या खुर्चीतून बा म्हणाला. बस, एवढंच.

"एका काकाला यायचे," तुलसा म्हणाली.

"वडिलांच्या भावाला? आता कसे आहेत ते?"

"मेला. उंचावर काम करत होता, झटका आला आणि पडला."

डॉक्टरबाई बाकडे वळून काहीतरी मऊपणानं बोलल्या. तुलसानं ते बाला सांगितलं, "तुमचा भाऊ गेल्याचं त्यांना वाईट वाटतंय." जन्मात भाऊ नसलेल्या बानं खुर्चीतून उठून हात जोडले.

औषधं सुरू झाली. रात्री पोरीजवळ आई किंवा वडील यांपैकी एकानंच थांबायचं, बाकीच्यांनी आठ वाजता जायचं, असा नियम होता. आमा थांबली. तुलसा कोट घालून लिफ्टपाशी आली तेव्हा इस्पितळातली रूथ नावाची समुपदेशक तिथं तिची वाट बघत होती. पिकल्या केसांची वेणी घातलेली, साठीची बाई.

"मी काही विचारत नाही," रूथ म्हणाली. "डॉक्टरही काही म्हणाल्या नाहीत. पण छावण्यांतल्या कागदांत काय काय घोळ होतात ते मी वीस वर्षं बघतेय. सहाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये दर बुधवारी एक वकीलबाई बसते. फुकट." आणि तिनं एक चिठ्ठी तुलसाच्या हातात दिली.

तुलसा दोन महिने ती चिठ्ठी कोटाच्या खिशात घेऊन फिरली. जायचं धैर्य तिला झालं ते बिनिताच्या दुसऱ्या झटक्यानंतर. त्या वेळीही पोरीबरोबर आत आमाच गेली होती, आणि तुलसा काचेबाहेर उभी राहून आत डोकावत होती. एका बुधवारी कामावरून लवकर सुटून ती चर्चमध्ये गेली आणि तीन वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट एका अनोळखी बाईला इंग्रजीत सांगून मोकळी झाली. इंग्रजीत सांगायला सोपी गेली. इंग्रजीत तिला अजून रडता येत नव्हतं.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "होण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "रक्ताची तपासणी करू, तू आई आहेस हे सिद्ध होईल. पण तुझ्या वडिलांना लिहून द्यावं लागेल की त्यांनी मुलाखतीत खोटं सांगितलं."

"त्यांना नेतील?"

"मला वाटत नाही. लहान पोर होतं, घाबरून केलं, फायदा काही उकळला नाही. पण मी शपथेवर सांगू शकत नाही. आणि मुलगी सात वर्षांची आहे. तिलाही विचारतील ती कुणाला आई समजते. तिला आधी तू सांग."

त्या संध्याकाळी बिनिता शेजारच्या घरी खेळायला गेली होती. तुलसानं आई-बापासमोर सगळं मांडलं. बा ओरडेल अशी तिची तयारी होती, आणि त्यावर काय बोलायचं तेही तिनं बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. बा ओरडला नाही.

"तुम्ही म्हणाला होतात, तिकडे गेल्यावर बघू," तुलसा म्हणाली. "तीन वर्षं झाली बा. कधी बघायचं? माझ्या पोरीला आत झटके येत होते आणि मी बाहेर उभी होते. बहीण म्हणून."

"तुला वाटतं मला कळत नाही?"

"कळतं तर सही करा."

आमा उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून कसलाच आवाज आला नाही, म्हणजे ती दाराआड उभी होती.

"करतो," बा म्हणाला. "न्यायचं असेल तर नेऊ देत. म्हातारा झालो. पण एक कर तुलसा. पोरीला आधी विचार. वकीलबाई म्हणतेच आहे ना. पोर म्हणाली, तू माझी आमा, तर मी बोटं कापून रक्तानं सही करतो. ती नाही म्हणाली तर तिच्या डोक्यात हे भरवू नकोस. आजारी आहे ती."

"म्हणेल ती," तुलसा म्हणाली. "माझ्याच कुशीत झोपते ती."

बा उठून बिनिताला शेजारून आणायला गेला. पुढे कितीतरी दिवस तुलसा विचार करत राहिली, की त्याला तेव्हाच ठाऊक होतं का. ठाऊक असणारच. तालीम त्यानं सुरू केली होती.

नेपाळी वैशाखातली अमावस्या त्या वर्षी रविवारी आली. आमाचं मुख पाहण्याचा दिवस. त्या दिवशी ज्याची आई आहे त्यानं गोड घेऊन तिच्यासमोर जायचं, तिच्या चेहऱ्याकडे डोळे भरून पाहायचं आणि पाया पडायचं. ज्याची नाही त्यानं तळ्याकाठी जाऊन पाण्यात पाहायचं. छावणीत गोड म्हणजे चिमूटभर साखर असे, इथं बिनितानं दुकानातून गुलाबी साखर लावलेली चार डोनट आणवून घेतली होती. बाहेर अजून थंडी होती. तुलसा पलंगावर बसून तिचे केस विंचरत होती आणि पोर डोनटच्या खोक्यावर रंगीत खडूनं फूल काढत होती.

"बिनू," तुलसा म्हणाली. हात थांबवला नाही. "तुला एक सांगू? खरं खरं?"

"सांग."

"तू माझ्या पोटातून आलीस. आमाच्या नाही. तुझे बा दुसरे होते, कुमार नाव होतं त्यांचं, ते वारले. कागदावर चुकीचं लिहिलं गेलं म्हणून आम्ही तुला दिदी म्हणायला शिकवलं. मी तुझी आमा आहे."

खडू थांबला. पोरीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले. तुलसाला वाटलं, आता ही रडेल, किंवा गळ्यात पडेल, आणि दोन्हीसाठी तिनं फणी खाली ठेवून हात मोकळे केले.

बिनिताच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"हॅ! मला फसवतेस होय?" ती म्हणाली. "मी नाही फसणार. तू दिदी. आमा तिकडे बाहेर बसलीय. पवित्रा घिमिरे. दुसरं काही म्हटलं तर विमान येतं आणि बाला नेतं." तिनं हात पुढे केला. "या वेळचा प्रश्न किती अवघड होता! दोन द्यायचे."

"बिनू, हा प्रश्न नाही. हे खरं आहे."

"तू मागंपण असंच म्हणाली होतीस. तू म्हणालीस, खरं सांगते, मी आमा आहे, आणि मी हो म्हटलं तर तू बोललीच नाहीस माझ्याशी. दिवसभर." ती हसायची थांबली होती. हात मात्र पुढेच होता. "मी बरोबर सांगितलं ना? दिदी? बरोबर ना?"

तुलसाला ते आठवलं. पहिल्याच वर्षी, पाठ पक्का झाला का ते बघायला, तिनंच तसा डाव टाकला होता. पोर चार वर्षांची होती, काय लक्षात राहतं, असं वाटलं होतं. आता समोर पोरीचा श्वास वाढत होता. घाबरली, दमली की झटका येऊ शकतो, असं डॉक्टरबाईंनी तीनतीनदा बजावून सांगितलं होतं.

"बरोबर," तुलसा म्हणाली. "अगदी बरोबर. शाबास."

अस्वलांची पिशवी कपाटात होती. तिनं दोन काढून दिली. पोरीनं दोन्ही एकदम तोंडात टाकली, खोकं उचललं आणि बाहेर पळाली.

"बा! दिदीनं माझी परीक्षा घेतली! मला म्हणाली, मीच आमा! मी फसले नाही!"

तुलसा दारात आली तेव्हा बा खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. त्यानं मागं न वळता हात मागं करून पोरीच्या डोक्यावर ठेवला. "हुशार आहेस," तो म्हणाला. त्याला हवं होतं ते झालं होतं, आणि त्याचे खांदे गदगदत होते. तुलसाला त्याची दया आली नाही. पुढे कधी येईल तर येवो, त्या दिवशी आली नाही.

आमा सतरंजीवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बिनितानं खोकं तिच्यासमोर ठेवलं, मांडी घातली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"दिदी, ये ना. तुझीपण आमाच आहे ती. तूपण मुख बघ."

तुलसा येऊन तिच्या शेजारी बसली. गुडघ्याला गुडघा लागला. दोन बहिणी बसतात तशाच बसल्या. आमाचे डोळे वाहत होते, आणि ती पोरीकडे बघतच नव्हती. तुलसाकडे बघत होती.

"आमा, माझ्याकडे बघ ना," बिनिता म्हणाली. "तिकडे बघत राहिलीस तर मला मुख कसं दिसेल?"

आमानं मान हलवली. तिच्यानं होईना. तिनं शाल तोंडावर ओढायला घेतली.

तुलसानं पुढे होऊन तिचा हात धरला आणि शाल खाली केली.

"बघ गं आमा," ती म्हणाली. "पोर वाट बघतेय. तिच्याकडे बघ."

आमानं बिनिताकडे पाहिलं.